आण्णांची डबल घंटी

सासऱ्यांना मी दिवाळीच्या आत बोलतं करून दाखवते, असं मी भर घरात जाहीर केलं, तेव्हा माझा आत्मविश्वास नव्या कोऱ्या साडीसारखा कडक होता. का नसावा? कोरेगावच्या बालवाडीत मी बाई होते. आईच्या पदराआड लपून नुसतं 'ऊं ऊं' करणारी पोरं माझ्याकडं यायची आणि चार महिन्यांत अशी बोलायला लागायची, की त्यांच्या आयाच येऊन विचारायच्या, "बाई, आता गप कसं करायचं त्ये पन सांगा."

मग एकट्या आण्णांचं काय अवघड?

आण्णा म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी लाल गाडीवर कंडक्टर म्हणून काढलेली. आवाज असा, की सातारच्या स्टँडवर ओरडले तर माहुलीच्या पुलावरचा माणूस खिशात हात घालून सुट्टे शोधायला लागायचा. रिटायर होऊन वर्ष झालं नाही तोच सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश गळाला. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू लुळी पडली. पाय हळूहळू काठीच्या आधारानं चालायला लागला, बोलणं मात्र गेलं.

पण ते पूर्ण गेलं नव्हतं, आणि मला खरं कोडं पडलं ते तिथंच. दारात कुणी आलं की आण्णा अगदी स्पष्ट "जयभीम" म्हणायचे. "एक, दोन" असं सुरू करून दिलं की पुढचे आकडे धाडधाड म्हणायचे. पण तहान लागली तर 'पाणी' येत नव्हतं. एवढे शब्द येतात आणि नेमका हवा तोच जातो कुठं? मला रात्रंदिवस त्याचंच कुतूहल.

मी बालवाडीतले तक्ते घरी आणले. गाईचं चित्र दाखवलं.

"आण्णा, हे काय?"

आण्णांनी नीट निरखलं, ओठांची जुळवाजुळव केली आणि म्हणाले, "पुढं सरका."

आंबा दाखवला.

"सुट्टं काढा."

शेवटी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंनाच समोर उभं केलं. "आण्णा, ह्या कोण?"

आण्णांनी आत्याबाईंकडं डोळे भरून पाहिलं. "मागं जागा हाय."

आत्याबाई तरातरा आत निघून गेल्या. "समदा जलम काढला ह्यांच्यासंगं, आन म्हणत्यात मागं जागा हाय."

आण्णा खाली मान घालून बसले. चुकलं हे त्यांना कळत होतं, फक्त बरोबर काय ते सापडत नव्हतं. डाव्या हातानं ते स्वतःच्याच मांडीवर बुक्क्या मारायला लागले. मी तक्ते गुंडाळले.

मग माझ्या नवऱ्यानं, कपिलनं रजा काढली आणि आम्ही पॅसेंजरनं सांगलीला गेलो. तिथं तहरीम मॅडम होत्या, वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या. वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी आण्णांना तासभर तपासलं, "सुट्टं काढा" ऐकून एकदाही हसल्या नाहीत, आणि मला म्हणाल्या, "हजारदा म्हटलेलं असतं ना, ते मेंदूत वेगळ्या जागी पाठ होऊन बसतं. नमस्कार, आकडे, शिव्या, धंद्यातली वाक्यं. ते आपोआप बाहेर पडतं. विचार करून शब्द जुळवायचा, ती जागा दुखावली आहे."

"मग उपाय?"

"जे उरलंय त्याचा हात धरून पुढं जायचं. तुम्ही अर्धं वाक्य म्हणा, त्यांना पुरं करू द्या. 'गरम गरम...' म्हणून थांबा. 'चहा' ते म्हणतील."

आणि खरंच, आठवड्यात आण्णा 'चहा' म्हणाले. मग 'भाकरी'. माझा आत्मविश्वास पुन्हा वर आला आणि त्यातून मला ती कल्पना सुचली. आण्णांचे शब्द गाडीत राहिलेत ना? मग आण्णांनाच गाडीत न्यायचं!

"डोकं फिरलं का तुझं?" कपिल म्हणाला. "आजारी माणूस हाय त्यो."

"नुसतं पुसेगावपर्यंत जाऊन येतो. मी आहे ना."

हे 'मी आहे ना' मी आयुष्यात परत कधी म्हटलेलं नाही.

बाजारचा दिवस होता. पोत्यात दाणे भरावेत तशी गाडीत माणसं. पण कंडक्टर जोतिबा हा आण्णांच्या हाताखाली तयार झालेला. त्यानं आण्णांना पाहताच स्वतःची सीट दिली. "मास्तर, तुमी हितं बसा. ही तुमचीच जागा."

गाडी हलली आणि आण्णांच्या चेहऱ्यावर रंग आला. पाठ ताठ झाली. शेजारच्या म्हातारीला म्हणाले, "तिकीट बोला." म्हातारीनं मुकाट्यानं तिकीट दाखवलं. मग त्यांनी पुढचे सगळे थांबे ओळीनं म्हणून दाखवले, एकही न चुकता. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

चिंचेच्या थांब्यावर गाडी थांबली. जोतिबाला घाईची लागली असावी. तो उतरता उतरता म्हणाला, "मास्तर, आलोच. तवर गाडीवर ध्यान ठिवा." आणि बाभळीआड गेला.

हे तो आदरानं बोलला होता. आण्णांना तो हुकूम वाटला. त्यांनी पुढं पाहिलं, मागं पाहिलं, काठीनं दार ओढून घेतलं, डावा हात वर करून घंटीची दोरी धरली आणि मारली. टिंग टिंग. डबल घंटी म्हणजे 'जाऊ द्या'. ड्रायव्हर शमशेरभाईंनी गाडी सोडली.

मागच्या काचेतून जोतिबा दिसला. एका हातानं पँट सावरत, दुसरा हात हलवत, धुरळ्यात पळत होता.

"अहो, कंडक्टर राहिला मागं," मी ओरडले.

"हायती की हितं," एक फेटेवाले आण्णांकडं बोट करत म्हणाले.

पुढं जायला वाट नव्हती. इंजिनाच्या आवाजात शमशेरभाईंना ऐकू जाणं शक्य नव्हतं. सिंगल घंटी म्हणजे 'थांबा', एवढं मला माहीत होतं. मी दोरी ओढली. टिंग.

आणि आण्णांनी लगेच दुसरी ओढली. टिंग.

शमशेरभाईंनी वेग वाढवला.

मी परत ओढली, त्यांनी परत पुरी केली. माझ्याकडं बघून मान डोलावली, कौतुकाच्या अपेक्षेनं. अर्धं सुनेनं म्हणायचं, उरलेलं आपण पुरं करायचं, हा धडा मीच तर रोज घेत होते. गाडी आता अशी सुटली होती, की लग्नाच्या वऱ्हाडालाही एवढी घाई नसते.

पुढच्या दोन थांब्यांवर माणसं हात करून चढली. आण्णांनी "पुढं सरका" म्हणत त्यांना आत घेतलं आणि मी तोंड उघडायच्या आत घंटी मारली. तिसऱ्या ठिकाणी गाडी थांबली ती तपासणीची जीप आडवी उभी होती म्हणून.

साहेब वर चढले. "कंडक्टर कुठाय?"

सगळ्या गाडीनं आण्णांकडं बोट केलं. आण्णा म्हणाले, "जयभीम."

एवढ्यात एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर, दोन किटल्यांच्या मधे बसून, जोतिबा येऊन पोचला. त्याचा चेहरा खडूसारखा पांढरा. नोकरी नवी, घरात लहान लेकरू. माझ्या हौसेपायी ह्या पोराच्या पोटावर पाय येणार होता.

"ह्याला सोडून गाडी हलली कशी?" साहेब कडाडले. "घंटी कुणी मारली?"

मी सांगायला सुरुवात करणार, तेवढ्यात आण्णांचा चेहरा हलायला लागला. त्यांनी साहेबांकडं पाहिलं, जोतिबाकडं पाहिलं. ओठ वाकडे झाले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. शब्द जणू खोल विहिरीतून ओढून काढावा तसा ते ओढत होते. आण्णांनी डावा हात उचलला, सरळ माझ्यावर बोट रोखलं.

"हि... हिनं."

मी मागं वळून पाहिलं.

"सुनंनं," आण्णा म्हणाले. आणि थोडं थांबून, "मारली."

साहेबांनी मला रस्त्यावर उतरवून जे झाडलं, ते माझ्या बालवाडीतल्या एकाही पोराला मी कधी झाडलं नसेल. सरकारी गाडी म्हणजे खेळणं वाटलं का? शिकलेल्या दिसता, घंटीला हात लावू नये एवढं कळत नाही? मी मान खाली घालून सगळं कबूल केलं. तशा निम्म्या घंट्या माझ्याच होत्या. जोतिबाला नुसती ताकीद मिळाली आणि तो परत गाडीवर चढला. आण्णा खिडकीतून शांतपणे शेतं बघत होते.

पुढच्या खेपेला सांगलीत तहरीम मॅडमना मी हे रडकुंडीला येऊन सांगितलं. त्या खुर्चीतून उठल्याच.

"खोटं बोलले? स्वतःहून?"

"धडधडीत."

"अहो, हे पाठ केलेलं नाही. प्रश्न समजला, खरं काय ते माहीत होतं, ते सांगायचं नाही असं ठरवलं, दुसरं माणूस निवडलं आणि त्याला शब्द लावले. खोटं बोलायला केवढी भाषा लागते!" त्यांनी आण्णांचा हात हातात घेतला. "शाब्बास, आण्णा."

मला कुणी शाब्बास म्हटलं नाही.

त्या दिवसानंतर मात्र आण्णांची गाठ सुटली. शब्द एकेक करून परत यायला लागले, कधी उलटेसुलटे, कधी अर्धे. दिवाळी होऊन गेली, थंडी पडली. एक दिवस शेजारच्या लीलाबाई भेटायला आल्या. आण्णांनी त्यांना बसायला सांगितलं, दोन-दोन शब्दांत पोराबाळांची चौकशी केली. लीलाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आवं आण्णा, किती झ्याक बोलाय लागलाय. कुणी शिकवलं वं?"

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले. पदर नीट केला. चेहऱ्यावर, हो, जरा नम्र भाव आणला.

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं, लीलाबाईंकडं पाहिलं.

"कुणी न्हाई," ते म्हणाले. "माझं मीच शिकलो."

मी ट्रे टेबलावर ठेवला, जरा जोरातच. थोडा चहा सांडलाही. फडकं आणायला आत गेले तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की आजारपणानंतर आण्णांनी स्वतः जुळवलेलं सगळ्यात लांब वाक्य तेच होतं.