उष्णता टाकायची कुठं?

वारज्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात आमची खोली होती. भिंती विटांच्या, वर पत्रा. बाबा तिथले वॉचमन. वाशीमकडचं गाव सोडून आलो तेव्हा मी सातवीत होते. एप्रिल लागला की आई पत्र्यावर गोणपाटं पसरायची आणि दर तासाला खालून पाइपनं पाणी मारायची. पाणी मारलं की पंधरा मिनिटं खोली माणसांची वाटायची, मग पुन्हा तवा. दहावी, बारावी आणि इंजिनियरिंगची चारही वर्षं मी त्या तव्याखाली काढली. रडगाणं म्हणून हे सांगत नाही. सबनीस काका काय चीज आहेत ते याशिवाय कळणार नाही, म्हणून सांगते.

काका तळमजल्यावर दोन नंबरच्या फ्लॅटमध्ये एकटे. आमच्या दारापासून वीस पावलं. डिझेल इंजिनांच्या कारखान्यात टेस्टिंगला तीस वर्षं काढून रिटायर झालेले. हातात कायम हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. सोसायटीचा पंप, लिफ्टची मोटर, कुणाची स्कूटर, सगळ्यांची नाडी ते अशीच बघतात. एकदा मीटिंगमध्ये सेक्रेटरी तावातावानं बोलत होते. काकांनी शांतपणे स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या खुर्चीला टेकवला, ऐकलं आणि म्हणाले, "चालू द्या. बेअरिंग गेलंय, पण वर्षभर ओढेल अजून."

माणसांचे त्यांच्याकडे दोनच प्रकार. हवेवर गार होणारे आणि पाण्यावर गार होणारे. हवेवरचा दिवसभर कुरकुरतो, पण बंद पडत नाही. पाण्यावरचा दिसायला शांत, आतला पंप थांबला की एकदम उकळतो. सेक्रेटरी पाण्यावरचे, माझे बाबा हवेवरचे. मी एकदा विचारलं, "आणि तुम्ही, काका?"

"मी भंगारातला."

कुणी भांडण घेऊन दारात आलं, की ऐकून घेणार आणि विचारणार, "ठीक आहे, तापलात. पण उष्णता टाकायची कुठं?" समोरच्याला उत्तर सुचेपर्यंत काकांनी दार लावलेलं असायचं.

त्यांच्या जेवणाचा डबा बाहेरून यायचा. तरी रोज दुपारी चारला त्यांच्या घरातून मिक्सर ऐकू यायचा. पाच मिनिटं, कधी दहा. आई म्हणायची, "हा एकटा माणूस वाटते तरी काय?" विचारलं तर उत्तर एकच, "मोटर तपासतोय."

शेवटच्या वर्षाला मी प्रोजेक्ट घेतला तो तुरीचा. पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारा प्रोग्रॅम. फोटो गावाहून मामानं पाठवलेले, हजारांनी. कुठल्याशा ऑफिसनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर आणला होता, त्यावर प्रोग्रॅमला हे फोटो शिकवणं सलग वीस तास चालायला हवं होतं. मध्ये बंद पडलं की पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्यातून सुरू करायची अक्कल मला तेव्हा नव्हती. आणि मशीन चाळिसाव्या मिनिटाला तापून बंद पडायचं. सबमिशनला बारा दिवस उरले होते. प्रोजेक्ट नाही म्हणजे डिग्री नाही, आणि खराडीच्या कंपनीनं दिलेली नोकरी डिग्रीवर अडलेली.

बाबांनी काकांना गाठलं. "काका, पोरीचं मशीन काहून बंद पडते हो?"

काका आले ते थेट पार्किंगमध्ये वाद घालायलाच. कारण माझा वर्गमित्र निखिल त्याच वेळी आपला जुना लिक्विड कूलर, म्हणजे कॉम्प्युटर पाण्यावर गार ठेवणारा, घेऊन आला होता. दोन नळ्या, एक पंप, मोठी जाळी.

"लिक्विड लाव, विषय संपला," निखिल म्हणाला.

"विषय संपत नाही," काका म्हणाले. "पंप आतल्या आत थांबला तर हिला पत्ता लागणार आहे का? पंखा थांबला तर आंधळ्याला ऐकू येतं आणि बहिऱ्याला दिसतं."

"काका, लिक्विड एकदम सायलेंट असतं."

"प्रेतही सायलेंट असतं."

मी निखिलचं ऐकलं. कूलर बसवला, मशीन सुरू केलं. या वेळी पंचावन्न मिनिटं चाललं. मग स्क्रीन काळी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता काका आमच्या खोलीत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत. आईनं घाईघाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. काकांनी खिशातून थर्मामीटर काढून खिळ्याला अडकवला आणि कॉटवर बसले. दहा मिनिटं पारा चढताना बघत राहिले. स्क्रू ड्रायव्हर मांडीवर पडून होता. थर्मामीटर चव्वेचाळीसवर गेला.

"तुम्ही इथं राहता," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

मग माझ्याकडं वळले. "अगं, आपण दोघंही मूर्ख. हवा की पाणी म्हणून भांडतोय. पाणी उष्णता घेऊन जातं कुठं? त्या जाळीपर्यंत. जाळी टाकते कुठं? या खोलीत. खोलीच तापलेली, तर टाकायची कुठं?" ते उठले. "उचल."

"काय?"

"मशीन. अहो, तुम्ही टेबल धरा," हे बाबांना.

अशी वरात काकांच्या मागच्या खोलीत गेली. उत्तरेची खोली, डोक्यावर तीन मजले. थर्मामीटर एकतीसवर स्थिरावला. आता कुठलाही कूलर चालला असता. मी म्हटलं, लिक्विडच राहू दे, आवाज नाही, तुम्हाला त्रास नाही.

"नको. हवेवरचाच लाव."

"पण काका, घूं घूं करेल दिवसभर."

"नळी फुटली तर माझी फरशी खराब होईल."

ही सबब होती. नळी फुटून किती पाणी येणार, तर अर्धा कप. पण घर त्यांचं. मी मोठ्या पंख्याचा कूलर आणून बसवला. चिपची उष्णता कूलरला नीट पोचावी म्हणून खाली लावायची पेस्ट मी जास्तच काढली, तर ओरडले, "कपाळाला गंध लावतेस की भिंत सारवतेस?" शेवटी त्यांनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला स्क्रू ड्रायव्हर टेकवून डोळे मिटले. "हं. बोलतोय छान."

शनिवारी दुपारी बाराला सुरू केलं. रविवारी सकाळी आठला गेले, तर काका मशीनशेजारी खुर्चीत बसलेले, डोळे लाल.

"झोपला नाहीत?"

"बेंचवर इंजिन लावून झोपणारा माणूस टेस्टिंगला ठेवत नाहीत."

स्क्रीनवर वीस तास पूर्ण झाल्याची ओळ होती.

प्रोजेक्ट वेळेत गेला. निकाल लागेपर्यंत मी रोज त्या खोलीत काही ना काही चालवत, शिकत बसायचे. एकदा आई म्हणाली, "काकाचा मिक्सर बिघडला वाटते. महिना झाला, आवाज नाही." मी हसले आणि विसरले.

डिग्री हातात आल्यावर मशीन आणायला गेले. काका म्हणाले, "ने की, तुझंच आहे." पंख्यावर धूळ नव्हती, तरी ब्रशनं पुसत बसले. मी मशीन बंद केलं. पंख्याची घरघर उतरत उतरत थांबली. त्या घरात किती शांत असतं ते मला तेव्हा कळलं. काका स्वयंपाकघरात गेले आणि मिक्सर सुरू झाला. मी दारातून पाहिलं. भांडं रिकामं होतं, धुऊन पुसलेलं.

मी परत आले, मशीन पुन्हा चालू केलं आणि ओरडून सांगितलं, "काका, आमच्याकडं जागा नाही अजून. इथंच राहू द्या."

मिक्सर थांबला. "राहू दे. पण रोज चालवायचं हं. पडून राहिलं की बेअरिंग जाम होतं."

"संध्याकाळी येत जाईन."

"चहा तू करायचास. माझा पाण्यासारखा होतो."

त्या पंख्याला आता दोनदा बेअरिंग बदलून झालंय. ऑफिसात पोरं हवा की लिक्विड म्हणून तावातावानं वाद घालतात. मी विचारते, खोली कुणाची?

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. आई-बाबा आता वारज्यातच, काकांच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांच्या आमच्या स्वतःच्या घरात राहतात. त्याला वर स्लॅब आहे.