सावंतकाकांची गाळणी

सिंगापुरातल्या आमच्या बेडोकच्या ब्लॉकमधले सावंतकाका बाहेर पडताना छत्री विसरतील, चष्मा विसरतील. पण पाठीवरच्या सॅकमध्ये चहाची नवी कोरी गाळणी असल्याशिवाय लिफ्टचं बटण दाबणार नाहीत. भटकंतीत चहा करत असतील म्हणावं, तर काका पक्के कॉफीवाले.

तीस वर्षं ते जहाजांवर चीफ इंजिनीअर होते. तीन वर्षांपूर्वी काकी गेल्या आणि त्यानंतर काकांना जिओकॅशिंगचं वेड लागलं. म्हणजे कुणीतरी एक डबा कुठेतरी दडवायचा, ठिकाणाचे आकडे अ‍ॅपवर टाकायचे आणि इतरांनी तो बाहेरच्या कुणाला कळू न देता हुडकून आतल्या वहीत सही करायची. डब्यात बारीकसारीक वस्तूही असतात. एक घ्यायची, एक ठेवायची. लोक किल्लीची साखळी ठेवतात, खेळण्यातली गाडी ठेवतात. काका गाळणी ठेवतात आणि काहीही न घेता परत येतात. बोटाएवढी डबी सापडली की भडकतात. "ज्यात गाळणी मावत नाही, तो डबाच नव्हे!"

नुसत्या सहीवर त्यांचं भागत नाही. इंजिनरूमच्या लॉगबुकाची सवय! 'वेळ ०९४०. तापमान ३२. डावा गुडघा : आवाज करतो. उजवा : ठीक. शेरा : ऑल नॉर्मल.' पुढच्या माणसाला सहीपुरतीही जागा उरत नाही.

मी त्यांच्या दोन मजले वर राहते. आंग मो किओचं ऑफिस आणि घर यापलीकडे मला सिंगापूर दिसलं ते काकांमुळेच. पासिर रिसच्या किनाऱ्यावर ते एकदा डबा शोधत बाकाखाली चक्क आडवे झाले होते. एक चिनी आजी थांबली. "अंकल, यू लूकिंग फॉर व्हॉट आह?"

"बर्ड्स," काका बाकाखालून म्हणाले. मी या गृहस्थांना ओळखतच नसल्यासारखी समुद्राकडे बघत राहिले.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "मेघना, रविवारी मोजणीच्या दगडापाशी जायचंय. महत्त्वाचं काम आहे."

तो दगड म्हणजे एका टेकडीवरचा बुटका, शेवाळलेला खांब. उपग्रह नव्हते तेव्हा अशा खांबांवरून जमीन मोजायचे. घामाने निथळत आम्ही वर पोचलो. डबा शेजारच्या मुळांमध्ये दोन मिनिटांत सापडला, चांगला ऐसपैस. मी सवयीने सॅकमधली गाळणी काढून आत ठेवायला गेले.

"थांब. ती डब्यात नाही जायची."

काकांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. काकींचं अक्षर. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी, चाळीस नावं.

"पुण्याहून चाळीस गाळण्या आणल्या होत्या तिने वाणाला. ऑफिसचा दिवस पडला, आल्या अकराजणी. ज्यांच्या नावाने आणलंय त्यांच्या घरी पोचवून येईन म्हणाली. मग महिन्याभरात तीच गेली."

यादीत एक नाव सोडून सगळ्यांवर काट होती.

"मी पोचवायला निघालो, तर कुणाचा इथला नोकरीचा पास संपला होता, कुणी मेलबर्नला, कुणी परत पुण्याला. मग एकेकीच्या नावाने एकेका डब्यात ठेवली. अठ्ठावीस झाल्या. तू तेवढी इथेच आहेस."

हळदीकुंकवाच्या त्या संध्याकाळी मी काकींना मेसेज केला होता, 'सॉरी काकी, कॉल आहे.' दोन मजले खाली उतरायचं होतं फक्त. मला मान वर करवेना.

"मग इतके दिवस दिली का नाहीत?"

"तुझी दिली की काम संपतं गं," काका खांबाकडे बघत म्हणाले. "म्हणून लांबवत होतो."

मी दोन्ही हातांनी गाळणी घेतली, वाकून नमस्कार केला. काकांनी उगाचच चष्मा पुसला आणि वही उघडली. वेळ, तापमान, दोन्ही गुडघे. शेऱ्यापाशी पेन अडलं.

"काका, यंदाचं हळदीकुंकू माझ्याकडे," मी म्हटलं. "चाळीस गाळण्या मी मागवते. येऊन येऊन दहाजणी येतील. उरलेल्या पोचवायचं काम तुमच्याकडे."

काकांनी खाली मान घालून 'ऑल नॉर्मल' लिहिलं, डबा नीट मुळांत सरकवला आणि घसा खाकरला.

"चमचे मागव," ते म्हणाले. "हल्ली डबे फार लहान झालेत."