जपानी पोरीचा कावळा

"जपानी म्हणजे काय, आपली मराठीच. फक्त घाईत बोललेली," पंकजने कंपनीच्या कँटीनमध्ये जाहीर केलं आणि निवांतपणे भज्याचा तुकडा मोडला.

नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्याने त्याला नवं मशीन शिकायला तीन महिने जपानला धाडलं होतं. येताना त्याने तिकडचा एक व्हीसीआर आणला, आणि घरमालकाच्या पोराने टाकून दिलेला एक खोका. त्यात एका भुताच्या कार्टूनच्या कॅसेटी होत्या आणि त्याच गोष्टीचं चित्रांचं जाडजूड पुस्तक. भाषेचं म्हणाल तर 'थांबा', 'सावध', 'मशीन बंद' आणि 'जेवण झालं' एवढं तो अस्सल जपानी सुरात म्हणत असे. पण कँटीनमध्ये दुसरं कुणाला तेवढंही येत नव्हतं, आणि तपासणाराच नसला की पैकीच्या पैकी मिळतात.

ही कीर्ती गहिनीनाथच्या कानावर गेली. गहिनीनाथ म्हणजे सावेडीचा केबलवाला, पंकजचा शाळेपासूनचा दोस्त. शेजारचा केबलवाला रविवारी दुपारी चारला कुस्त्या दाखवून त्याची गिऱ्हाइकं पळवत होता.

"तुझं भूत माझ्या चॅनलवर लाव," गहिनीनाथ म्हणाला. "चित्रं त्यांची, आवाज तुझा. माईकवर बस आणि मराठीत सांग."

पंकजने आढेवेढे घेतले, पण ते शोभेपुरते. कारण सावेडीतच काकासाहेब राहत होते. काकासाहेब म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, बुद्धविहाराच्या समितीवरचे करडे गृहस्थ. भुताखेतांचं नाव काढणाऱ्याला ते उभ्या जागी विज्ञानाचा तास देत. त्यांची मुलगी यशोधरा हायस्कुलात विज्ञानच शिकवत होती, आणि पंकजच्या भागिरथीआत्याने तिच्यासाठी त्याचं नाव टाकलं होतं. 'बुद्धाच्या देशात राहून आलाय, जपानी घडाघडा बोलतो' असं सांगून. काकासाहेबांनी अजून हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. टीव्हीवर आवाज घुमला की होकार आपोआप निघेल, असा पंकजचा हिशेब. भरीला त्याने ते चित्रांचं पुस्तक आत्याच्या हाती यशोधरेला भेट पाठवून दिलं.

पहिली कॅसेट खोक्यात नव्हतीच, तरी पहिला रविवार झोकात गेला. पडद्यावर बशीएवढ्या डोळ्यांची, शाळेच्या गणवेशातली मिचिको नावाची मुलगी रिकाम्या वर्गात उभी होती, आणि एक छत्रीवाला मुलगा तिच्या मागे मागे फिरत होता. मुलगी म्हणजे भूत, छत्रीवाला गुप्त पोलीस, असा निकाल पंकजने तिथल्या तिथे देऊन टाकला. छत्रीवाल्याच्या तोंडी त्याने अशी भाषणं घातली की निवडणुकीतल्या उमेदवाराने मान खाली घालावी. समोरचं कुणी त्याला अक्षराने उत्तर देत नव्हतं. "जपानी माणूस मोठा अबोल," असं सांगून पंकज पुढे जाई.

तीन रविवारांत कुस्त्या ओस पडल्या. सावेडीतली पोरं शाळेत एकटी पाणी प्यायला जाईनात. दोन सासवांनी आपापल्या सुनांना मोकळे केस बांधायला लावले. आणि एका सकाळी दूध घालणाऱ्या छबूबाईंनी पंकजची स्कूटर अडवली. छबूबाई दुधात पाणी घालत नसत. ती कसर त्या बातमीत भरून काढत.

"काय रं, खरं सांग. त्या पोरीचा कावळा शिवंना ना?"

"कुठला कावळा, मावशी?"

"मला येडी समजतो व्हय? दर रईवारी तारंवर येऊन बसतोय की त्यो. वरडतो आन् उडून जातो. खाली उतरत न्हाई."

"अहो, तो साधा कावळा आहे. तिकडे लई कावळे."

"साधा कावळा असता तर त्येचं चित्र काढायला कुनी कशाला बसलं असतं?"

पंकजने स्कूटरला किक मारली. याचं उत्तर जपान्यांकडेही नसावं.

दुधाबरोबर ही गोष्ट घरोघर गेली. दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही तर मागे राहिलेली इच्छा ओळखायची आणि ती पुरी करायचा शब्द द्यायचा, हे नगर जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही. गहिनीनाथच्या ऑफिसात फोन सुरू झाले. एकीचं म्हणणं, पोरीचा जीव धाकट्या बहिणीच्या लग्नात अडकलाय. दुसरी म्हणे, बोर्डाचा निकाल बघायचा राहिला. गहिनीनाथचे वडील रंभाजी यांनी छातीठोकपणे सांगितलं की चुलत्याने सातबाऱ्यावरून तिचं नाव उडवलं आहे, दुसरं काही असूच शकत नाही.

"पंक्या, येत्या रविवारी कावळा शिवला पाहिजे," गहिनीनाथ म्हणाला. "नाहीतर लोक माझ्या वायरी तोडतील."

"अरे, मी बौद्ध माणूस. आमच्याकडे पिंड नाही, कावळा नाही. बावीस प्रतिज्ञा घरात भिंतीवर लावल्यात."

"मग जपानी लोकं पण बौद्धच ना? त्यांच्यात कावळा कुठून आला?"

तेवढ्यात भागिरथीआत्या धापा टाकत आली. "पोरा, काय करून बसलास? काकासाहेबांचा निरोप आलाय. मुलगा टीव्हीवरून पिंडदान करतोय असं कानावर आलंय म्हणे. रविवारचा भाग ते बघणार. तो बघून घरी बोलावणार, आन् मगच काय ते सांगणार."

झालं. एकीकडे सगळ्या सावेडीला कावळा शिवायला हवा होता, दुसरीकडे एका घरात तो शिवता कामा नव्हता, आणि नेमकी तिथेच मुलगी होती.

पंकजने सोय पाहिली. भूत नव्हतंच, ती सगळी मुखवटा लावलेल्या शिपायाची करामत होती, असा शास्त्रशुद्ध शेवट त्याने पाठ केला. शेवटची कॅसेट आधी बघून घ्यावी हे काही त्याला सुचलं नाही. भाषा येणाऱ्याला चित्रं कशाला बघावी लागतात?

रविवारी त्याने माईक जवळ ओढला. "तर मंडळी, भूत-बीत सगळं झूट. अंधश्रद्धा सोडा. हा सगळा शाळेच्या शिपायाचा..." आणि पडद्यावर समाधीचा एक काळा दगड आला. दगडासमोर पानावर भाताचा गोळा ठेवलेला. तारेवरून कावळा उठला, एक घिरटी घेतली, सरळ भातावर उतरला आणि चोच मारली.

ऑफिसच्या बंद काचेतूनही आवाज आत आला. "शिवला! शिवला!" गल्लीत कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. रंभाजींनी डोळे पुसले आणि सातबारा दुरुस्त झाल्याचं शेजाऱ्यांना सांगितलं.

"मंडळी, तो शिपायाचा डबा आहे," पंकज माईकवर ओरडत राहिला. ऐकायला कुणी जागेवर नव्हतं.

संध्याकाळी तो आत्याला घेऊन काकासाहेबांच्या दारात उभा राहिला.

"जय भीम, सर."

"जय भीम. बसा. शिपायाच्या डब्यात नुसता भात होता का, भाजी काही?"

आत्याने पदर तोंडाला लावला. यशोधरा चहा घेऊन आली. ट्रेमध्ये कपांशेजारी ते पुस्तक होतं.

"हे तुम्ही वाचलंय?" तिने विचारलं.

"संपूर्ण."

"कुठून सुरुवात केली?"

"पहिल्या पानापासून."

"ते शेवटचं पान आहे," यशोधरा म्हणाली. "आकडे बघा. पुस्तक उलट्या बाजूने सुरू होतं. मला जपानी येत नाही, पण चित्रं ओळीने बघितली की गोष्ट कळते. हे बघा, दुसऱ्याच पानावर छत्रीवाला नदीत पडतो. छत्री वाहत जाते. त्यानंतर सबंध पुस्तकात त्याच्याशी कुणी बोलत नाही. मेलेला तो आहे. मिचिको जिवंत आहे, चांगली पास होऊन मोठ्या शाळेत जाते. ती समाधी तिच्या आजीची."

पंकजने पुस्तक इकडून तिकडे फिरवलं. इतके रविवार ज्याच्याकडून त्याने भाषणं करून घेतली तो पोरगा दुसऱ्या पानापासून मेलेला होता.

"म्हणजे तुम्हाला जपानी येत नाही," काकासाहेब म्हणाले.

"मशीन बंद करण्यापुरतं येतं, सर."

काकासाहेबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी खरी गोष्ट यशोधरा सांगेल. तुम्ही शेजारी बसायचं, तोंड न उघडता. मी तिथे हजर असेन. मग बघू."

रविवारी यशोधरेने पुस्तकातली चित्रं कॅमेऱ्यापुढे धरत सगळं नीट उलगडून सांगितलं. पंकज शेजारी ओठ घट्ट मिटून बसला होता. तिने माईक बंद केला. मग फोन वाजला. गहिनीनाथने उचलला आणि लगेच कानापासून लांब धरला.

"छबूबाई आहेत. म्हणतात, कावळा आजीला शिवला म्हणता, मग छत्रीवाल्याचं काय?"

"आणा इकडे," काकासाहेब म्हणाले. "आज एकदा याचा निकालच लावतो." त्यांनी रिसीव्हर घेतला. "हे बघा बाई, भूत नसतं. कावळ्याला भूक लागली की तो खातो. यात दुसरं काही नाही."

"ते आमाला कळतंय वो गुरुजी," छबूबाईंचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "पन तरन्याताठ्या पोराचं मन कशात हुतं, येवढं इचारायला काय हरकत हाय?"

 काकासाहेबांनी रिसीव्हरवर हात ठेवला, दाराकडे एकदा पाहिलं आणि हळूच विचारलं, "काय हो पंकज, त्या मुलाचं लग्नबिग्न ठरलं होतं का?"

पंकजने यशोधरेकडे पाहिलं. ती पुस्तकात तोंड घालून बसली होती, पण पान उलटत नव्हती.

"ठरत आलं होतं, सर," तो म्हणाला. "मुलीच्या वडिलांनी तेवढं उत्तर दिलं नव्हतं."

गहिनीनाथला एकदम खोकला आला. काकासाहेबांनी चष्म्यावरून पंकजला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग मुलीला, आणि रिसीव्हरवरचा हात काढला.

"दिलं म्हणावं उत्तर," ते फोनमध्ये खेकसले. "होकार आहे."

"मग काय," पलीकडून छबूबाई म्हणाल्या, "शिवतोय बगा आता."