उजवी बाजू वर

आई पहिल्या रांगेत जाऊन बसली आणि रिन्को दोन पावलं मागे सरली.

शिंजुकूतल्या त्या लहानशा हॉलमध्ये दुपारचा खेळ होता. दिग्दर्शक हिराकावाने हा सिनेमा रिन्कोच्याच बारमध्ये काढला होता. तिथे किमोनो नेसून साके ओतणाऱ्या सगळ्याजणी जन्माने पुरुष, रिन्कोसुद्धा. अकिताकडच्या बर्फाळ गावातून ती रिन्तारो नावाचा पोरगा म्हणून निघून आली, त्यानंतर मायलेकरांची गाठ नव्हती. यंदा रिन्कोने निरोप धाडला होता. मी कशी जगते ते तोंडाने सांगवत नाही, पडद्यावर बघ. नाही रुचलं तर न भेटता परत जा.

आई आली. मांडीवर धुरावलेल्या मुळ्याच्या लोणच्याचं गाठोडं, त्याचा वास पाचव्या रांगेपर्यंत. रिन्को मागे प्रोजेक्टरच्या आड उभी राहिली.

दिवे गेले. पडद्यावर आधी ओरखडे, मग धूर, मग बराच वेळ नुसता एक कान. मग बारचं दार उघडलं आणि निळ्या किमोनोवर आलुबुखाराची फुलं घेऊन रिन्को आली, वाऱ्याने फांदी लवावी तशी. एवढं आईने पाहिलं तरी पुरे, असं रिन्कोला वाटलं, आणि तेवढ्यात तिची नजर पडद्यावरच्या स्वतःच्याच छातीवर अडली.

"इसेदासान," ती प्रोजेक्टरवाल्याच्या कानाशी लागली, "हे उलटं लागलंय."

"हिराकावासाहेबांच्या सिनेमात उलटं काय नि सुलटं काय. मी विचारणं सोडलंय."

"अहो, फीतच उलट्या अंगाने गुंडाळलीय. आरशात दिसावं तसं दिसतंय. माझ्या किमोनोची उजवी बाजू डावीच्या वर आलीय."

"मग?"

"मग काय मग. उजवी बाजू वर कुणाची घेतात? मढ्याची. आणि ती पुढे बसलीय ना, ती माझी आई. गावच्या नवऱ्या नि गावची मढी, दोन्ही तीच नेसवते."

इसेदाचा हात बटणाकडे गेला. शेजारी उभ्या हिराकावाने तो वरच्यावर धरला.

"थांबवायचं नाही. ते शेवटच्या रांगेतले पाइप ओढणारे समीक्षक काय म्हणतायत ऐका."

"सगळ्या बारला प्रेताची वस्त्रं," पाइपवाला शेजाऱ्याला सांगत होता. "काय हिंमत आहे या माणसाची."

"फीत तुम्हीच गुंडाळलीत ना?" रिन्कोने हिराकावाला दात आवळून विचारलं.

"मीच. का गुंडाळली ते आत्ता कळतंय."

पडद्यावर मढी साके ओतत होती, मढी गात होती, एकमेकींच्या कमरेत हात घालून नाचत होती. आईची पाठ ताठ झाली. मग ती उठली. गाठोडं काखेत मारून सरळ पडद्यापाशी गेली आणि रिन्कोच्या भल्यामोठ्या छातीवर हात ठेवून ती घडी फिरवायला बघू लागली. कापड हलेना.

"कुणी नेसवलं याला असं?" तिने हॉलला विचारलं.

पाइपवाल्याने टाळी वाजवली. हाही सिनेमाचाच भाग, असं समजून सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. आईने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि दार ढकलून ती बाहेर पडली.

रिन्को खडावा हातात घेऊन मागे धावली. गल्लीत लख्ख ऊन होतं.

"आई."

आई वळली. तिने तोंडाकडे पाहिलंच नाही. आधी छातीवरची घडी पाहिली, बोटाने चाचपली. डावी बाजू वर होती. आईने एवढा वेळ धरलेला श्वास सोडला.

"रिन्तारो, मेला नाहीस ना तू?"

"नाही गं. ती फीत त्यांनी उलटी..."

"यंत्राचं मला सांगू नकोस. हे धर."

रिन्कोने खडावा खाली टाकून गाठोडं दोन्ही हातांत घेतलं, तशी आई तिच्या पाठीमागे गेली. आता ती चालू लागणार, स्टेशन त्याच बाजूला आहे, एवढंच रिन्कोच्या मनात आलं. पण पावलं वाजली नाहीत. मानेवरची पट्टी कुणीतरी खसकन खाली ओढली.

"गळा असा गच्च आवळून घेतात का? गडीमाणसासारखा? मानेला जरा वारा लागू दे. आणि ही गाठ कुणाची?"

"माझीच."

"दिसतंय."

कमरेचा पट्टा सुटला, पुन्हा आवळला गेला. रिन्कोला डोळे पुसायचे होते, पण दोन्ही हातांत लोणचं होतं.

"हलू नकोस," आई पाठीमागून म्हणाली. "एवढी मोठी झालीस, अजून धड नेसायला शिकली नाहीस."