कूलरमधली जोडी

अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्यात मोतीलालच्या मासे ठेवायच्या काचेच्या पेटीची पुट्टी उन्हाने तडकली आणि पिंप्राळ्यातल्या त्याच्या दोन खोल्यांत पाणीच पाणी झालं. वाचलेले दोन एंजल मासे आता ठेवायचे कुठे? बादलीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं. अख्ख्या घरात गार पाणी एकाच ठिकाणी होतं, कूलरच्या टाकीत. मोतीलालने मासे तिथे सोडले आणि तो स्वतःच्या हुशारीवर खूश झाला. असं खूश होणं त्याला नेहमीच महागात पडे.

त्याच्या कोंबड्या मांजराने नेल्या होत्या, ससे शेजाऱ्याच्या कोबीत रमले होते. "मी हात लावला की जनावर घर सोडतं," असं तो स्वतःच सांगे. पण आता सासरे हिलाल आबा धुळ्याकडून राहायला येणार होते. निदान एक तरी उद्योग त्यांच्या डोळ्यांदेखत यशस्वी व्हावा, अशी त्याची फार इच्छा होती.

आबा आले त्याच सकाळी माशांनी कूलरच्या पंपाच्या उभ्या नळीवर अंडी घातली. नळी वरपासून खालपर्यंत भरून गेली. मोतीलालने धावत जाऊन कूलर बंद केला. डोक्यावरचा पंखा नुसत्या गरम झळा फेकू लागला.

"जावईबापू, कूलर का बरं बंद शे?" आबांनी उपरण्याने वारा घेत विचारलं.

"बाळंतपण चाललंय, आबा."

"कोनं?"

"माशांचं. पंप लावला तर अंडी गळतील."

आबांनी लेकीकडे पाहिलं. मंजुळाने कपाळाला हात लावला. पण टाकीत डोकावल्यावर तिचा राग पळाला. एक मासा परांनी अंड्यांना वारा घालत होता, तो दमला की दुसरा येत होता. घरात वारा मिळत होता तो फक्त अंड्यांना.

"यास्मा नर कोनता शे?" आबांनी विचारलं.

"दिसायला दोघं सारखेच असतात. पण मोठा आहे ना, तोच." मोतीलालने ठोकून दिलं.

"बघा," मंजुळा म्हणाली, "बाप असून पाळी लावून अंडी राखतोय. आणि आमच्याकडे नळाला पाणी आलं की माणूस पेपर घेऊन गच्चीवर! उचला ती बादली."

मोतीलाल पाणी भरू लागला, भांडी विसळू लागला. त्या मोठ्या माशाचा त्याला मनापासून राग येऊ लागला. आबा ओलं धोतर अंगावर घेऊन पडून राहिले. तरी मोतीलालने कूलर लावला नाही. एकदा पिल्लं निघाली की आबा म्हणतील, जावई कामाचा आहे!

दोन दिवसांनी अंडी कापसासारखी पांढरी पडली. मासे विकणाऱ्या रुपचंदला बोलावलं, तर तो नळी बघून हसतच सुटला.

"मोतीभाऊ, एवढी अंडी एकीची नाहीत. दोन्ही माद्या आहेत! नर नसला तरी त्या आपसात जोडी जमवतात, अंडी घालतात. पण पिल्लं कुठून येणार?"

"अरे, तूच नर-मादी म्हणून दिलेस ना?"

"अंडी घालेपर्यंत मला तरी कुठे ओळखू येतं?"

आणखी एक उद्योग बुडाला होता, तोही सासऱ्यांसमोर. मोतीलालला रडूच यायचं बाकी होतं. एवढ्यात त्याला काहीतरी सुचलं आणि त्याने हातातली बादली खाली ठेवली.

"ऐकलंस का? तो राखण करणारा नवरा नव्हताच!"

मंजुळाने शांतपणे कूलर लावला. "मला तेव्हाच कळायला हवं होतं. नवरा असता तर दोन दिवस कामाला थांबला असता?"

पहिली गार झुळूक आली तसे आबा धोतर सावरत उठून बसले आणि त्यांनी जावयाने भरलेल्या पिंपाकडे बोट दाखवलं.

"थांबना ना! मना जावई थांबना."

आपला जावई कामाला थांबला, असं आबा म्हणत होते! मोतीलाल विरघळला आणि त्याने खाली ठेवलेली बादली पुन्हा उचलली.