सीट शिंकली तेव्हा

"भीती? मला?" संगप्पा इतक्या जोरात हसले की त्यांच्या भुसार दुकानातलं मांजर पोत्यामागं पळालं. "पोरी, ब्याडगीहून मिरचीच्या ट्रकवर बसून सोलापूरला आलेला माणूस हाय मी! तुझी गाडी मला काय भ्या दाखवणार?"

सिद्धेश्वरी ही त्यांची सून. इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन करायची. विनाड्रायव्हरच्या गाडीत बसल्यावर माणसाला धोका कधी आणि किती वाटतो, हे तिला मोजायचं होतं. पण बसायलाच कुणी तयार होईना! शेजारच्या काशम्मांनी तर नाव काढताच दार लावून घेतलं. शेवटी सरांनी बजावलं, माणसं मिळत नसतील तर विषय बदला. सुनेचा चेहरा पडलेला बघून संगप्पा पुढं सरसावले.

रविवारी चिंचोळी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर गाडी उभी राहिली. संगप्पा पुढं डावीकडं बसले, सिद्धेश्वरी मागं लॅपटॉप घेऊन. ड्रायव्हरची सीट चांगली गुबगुबीत, पण मोकळी! तिथून स्टेअरिंगपर्यंत काळं कापड सोडलेलं.

"त्यात वायरी आहेत मामंजी, हात लावू नका," असं म्हणत तिनं त्यांच्या मुठीत एक रबरी चेंडू दिला. "धोका वाटला की दाबायचा. जास्त वाटला तर जास्त जोरात. तशी माझ्या लॅपटॉपवर रेघ वर चढेल."

गाडी निघाली. स्टेअरिंग आपलं आपण फिरलं! संगप्पांचा चेहरा मात्र देवळातल्या नंदीसारखा. कुत्रं आडवं आलं, गाडी अदबीनं थांबली. पुन्हा निघाली. चेंडूला धक्का नाही.

"बघ की! तंबाखू न्हाय, मोबाईल न्हाय, शिव्या न्हाईत! माणसापरीस लई गुणाची हाय!"

"खरंच भीती वाटत नाही?"

"अगं, झोप यायला लागली!"

आणि सीट शिंकली.

संगप्पा जागच्या जागी उडाले. "कोण शिंकलं?"

"इंजिन असेल," सिद्धेश्वरीचा आवाज चिरकला.

इंजिन पुन्हा शिंकलं आणि वर "अय्यो शिवने!" असंही म्हणालं.

संगप्पांनी सीटची खोळ धरून ओढली. टर्रकन फाटली! आतून घामानं निथळणारं एक डोकं बाहेर आलं.

"शरणु, काका!" डोक्यानं मान वाकवून नमस्कार ठोकला.

बसू! त्यांचा सख्खा पुतण्या! गेल्या लगीनसराईत टेम्पो थेट मांडवात घालून वरबापाला जिलेबीच्या परातीत बसवणारा बसू!

"मामंजी, ऐका तरी!" सिद्धेश्वरी मागून ओरडली. "आपोआप चालणारी गाडी आमच्याकडं कुठली? बसणाऱ्याला तशी वाटली की मोजता येतं, म्हणून खोळीत माणूस…"

ऐकतंय कोण! चेंडू फटकन फुटला.

"बस्या, थांबव! मेलो आमी!"

"काका, सरळच चाललोय की मी!"

खरंच सरळ चालला होता, तेही बैलगाडीच्या वेगानं. पण संगप्पांना मांडव दिसत होता, परात दिसत होती! त्यांनी झेप घेऊन स्टेअरिंग पकडलं. गाडी गर्रकन वळली, फुटपाथ चढली आणि एका चादर कारखान्याबाहेरच्या कापसाच्या कचऱ्यात घुसली. धप्प!

सगळीकडं पांढरंच पांढरं. बसूच्या तोंडात कापूस, संगप्पांच्या मिशीत कापूस. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

पहिली भानावर आली सिद्धेश्वरी. तिनं स्क्रीन पुसली आणि डोळे विस्फारले. "मामंजी! ड्रायव्हर नव्हता तोवर तुमची रेघ सपाट! बसूभाऊजी दिसले आणि पार आभाळात! आता विषय कशाला बदलायला लावतील सर?"

ती हसत होती की रडत होती, कळत नव्हतं.

तेवढ्यात कारखान्याचे वॉचमन मकदूमचाचा काठी घेऊन धावत आले. काचेवरचा कापूस बाजूला करत त्यांनी आत डोकावलं. "या अल्ला! गाडी कौन चलारा था?"

"ह्यो! ह्यो बस्या!" संगप्पा गरजले. "विचारा त्याला, कसली गाडी चालवतोस म्हणून!"

मकदूमचाचांनी बसूकडं बघितलं. त्याचे दोन्ही हात फाटक्या खोळीत अडकले होते. मग त्यांनी संगप्पांकडं बघितलं आणि बघतच राहिले. ते एवढं काय बघतायत म्हणून संगप्पांनीही नजर खाली वळवली.

स्टेअरिंग त्यांच्याच दोन्ही मुठींत घट्ट होतं.