मजीदभाई, अँटेनावाले

मजीदभाई ट्रकचं दार शंभर वेळा उघडायचे आणि शंभर वेळा लावायचे. मोठ्याने मोजत. मध्ये कुणी काही विचारलं की पुन्हा एकपासून सुरुवात. एकदा आमच्या फ्लीट मॅनेजरने नेमकं त्र्याण्णवला येऊन विचारलं, "मजीद, हाऊ मेनी डन?" मजीदभाईंनी मान वर न करता "वन" म्हटलं आणि दार उघडलं. सकाळपासून एकच ट्रक झाला असं समजून मॅनेजर कपाळाला हात लावत निघून गेला.

मी मूळचा बार्शीचा. दोह्याबाहेर खडी वाहणाऱ्या एका कंपनीच्या यार्डात ट्रकांच्या फेऱ्या लावायचं काम करतो. मजीदभाई श्रीवर्धनकडचे. डंपरमध्ये सीबी रेडिओ बसवायचे, म्हणजे ड्रायव्हरांनी आपापसांत बोलायचा रेडिओ. गाडी चालवताना फोन हातात घेतला की दंड, आणि खाणीकडच्या कच्च्या वाटांवर फोनला रेंज नाही. म्हणून हा रेडिओ. पाच-सहा किलोमीटरपर्यंत हाक पोचायची.

रेडिओ बसवणं सोपं, अँटेना अवघड. आरशाच्या दांडीवर अँटेना घट्ट करायची, तिथला रंग खरवडून लोखंड उघडं करायचं, नाहीतर अर्थिंग मिळत नाही. "अर्थिंग नाय, तर अर्थ नाय," हे मजीदभाईंचं वाक्य. ते त्यांनी रंग खरवडताना, चहा पिताना आणि एकदा तर यार्डातल्या एका मलबारी क्लार्कचं लग्न मोडलं तेव्हाही म्हटलं होतं. अँटेनाची केबल दाराच्या फटीतून आत घ्यायची. खरी मेख तिथे. दार लागताना केबल चेपली, की काही दिवसांत आतली तार आणि बाहेरची जाळी एकमेकींना चिकटतात आणि रेडिओ मुका होतो. दिवा लागतो, खरखर येते, ड्रायव्हरला वाटतं सगळं ठीक आहे. पण त्याची हाक कुठेही जात नाही.

म्हणून शंभर वेळा दार. "दिवसाला वीस वेळा दार उघडतो ड्रायव्हर," ते मला समजावत. "शंभर म्हणजे पाच दिवस. पाच दिवस टिकली ती केबल पाच वर्षं टिकते."

"हा हिशोब कुठला, मजीदभाई?"

"माझा. घाटावरच्या माणसाला घाई फार. तुना नाय कळणार."

त्यांचं मोजणं बिघडवायची छाती एकाच माणसाची होती. नेपाळचा गणेश. डंपर चालवायचा, तिशीतला, हसरा. मजीदभाई मोजत साठावर पोचले की हा दारामागून "बयालीस, तैंतालीस" असं सुरू करायचा. मजीदभाई गोंधळायचे, चिडायचे, हातातला पाना त्याच्यावर उगारायचे. "गणेशा, तेरे ट्रक में मैं दो सौ गिनूंगा!" मग दोघं टायरच्या सावलीत बसून एका कपातला करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, दोन कपांत ओतून प्यायचे. मजीदभाईंची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. सुट्टीत गावी जायचंही त्यांनी सोडलं होतं. हे मला गणेशनेच सांगितलं. मी आठ वर्षं त्यांच्याबरोबर काम करत होतो आणि कधी विचारलं नव्हतं.

जुलैमध्ये बारा डंपर दोह्यापासून लांब, वाळवंटातल्या दुखानकडच्या एका नव्या कामावर जायचे होते. तिथल्या गेटवर कागद लागणार होता: बाराही गाड्यांत रेडिओ बसवून तपासला आहे, खाली बसवणाऱ्याची सही. सही चालणार फक्त मजीदभाईंची, कारण परवान्यावर नाव त्यांचं. त्यांचे आठ झाले होते. उरलेल्या चारांसाठी मॅनेजरने बाहेरून दोन माणसं आणली. त्यांनी चारही रेडिओ एका दुपारात बसवले.

कागद घेऊन मजीदभाईंकडे मीच गेलो.

"हे चार मी बघितले नाय," ते म्हणाले.

"उद्यापासून एकेक बघा. आज सही करा, मजीदभाई. यल्ला, चला, गाड्या गेटवर उभ्या आहेत."

"बघितल्याशिवाय कशी करू?"

"माझ्यासाठी करा," मी म्हणालो. मॅनेजर माझ्या मागे लागला होता. मला घरी लवकर जायचं होतं, अल दुहैलला मुलीच्या शाळेत कार्यक्रम होता.

त्यांनी सही केली. पेन मला परत न देता तसंच हातात धरून उभे राहिले.

पुढच्या तीन दिवसांत त्यांनी स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत, फेरीवरून यार्डात आले तसे, तीन डंपर तपासले. तीनपैकी दोन गाड्यांच्या केबली त्यांनी काढून नव्या टाकल्या. चौथा गणेशचा. तो दुखानकडेच मुक्कामाला होता. मजीदभाई रोज माझ्या खिडकीशी येऊन विचारायचे, "गणेश कधी येतोय?" मी रोज सांगायचो, येईल, इन्शाल्ला. तिथल्या कॅम्पवर एक फोन करून त्याला यार्डात बोलवायला मला दोन मिनिटं लागली असती. एक फेरी कमी झाली असती, एवढंच.

चौथ्या दिवशी सकाळी त्याचा डंपर मुख्य रस्त्यापासून चार किलोमीटरवर, कच्च्या वाटेवर बंद पडला. इंजिन बंद म्हणजे एसी बंद. फोनला रेंज नाही. तो किती वेळ रेडिओवर हाका मारत होता, कुणालाच माहीत नाही. त्या सकाळी दुखानच्या रस्त्यावरून आमचेच तीन डंपर गेले होते. तिघांचेही रेडिओ चालू होते. मग पाणी संपलं असावं. तो चालत निघाला आणि वाट चुकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांच्या गाडीला सापडला.

डंपर ओढून यार्डात आणला तेव्हा मजीदभाई तिथे उभेच होते. त्यांनी दार एकदाच उघडलं. खालच्या बिजागरीपाशी केबल चपटी झाली होती, आतलं तांबं दिसत होतं. त्यांनी तो तुकडा कापला, खिशातल्या रुमालात गुंडाळला आणि माझ्या टेबलाशी येऊन बसले.

कंपनीचा अहवाल माझ्यासमोरच होता. चालकाने सूचना मोडून वाहन सोडलं, असं त्यात लिहिलं होतं. मी त्यांना वाचून दाखवलं.

"म्हणजे तो त्याच्याच चुकीनं मेला?"

मी कागद उलटा करून ठेवला.

"लिही," ते म्हणाले. "मी सांगतो, तू इंग्रजीत लिही. त्या ट्रकची केबल दारात चेपली होती. रेडिओ बंद होता. मी न तपासता सही केली. गणेशने हाक मारली असणार, ती कुणाला ऐकू आली नाय."

मी लिहिलं. मग विचारलं, "सही करायला मी सांगितलं, हे?"

"सही कुणाची हाय?"

"पण मजीदभाई..."

"तुझी पोर शाळेत हाय. माझ्या घराला कुलूप हाय. लिही तेवढंच."

आणि मी तेवढंच लिहिलं. हे सांगायला मला आजही जड जातं.

मॅनेजरने जबाब मागे घ्यायला सांगितलं, आधी गोडीने, मग ओरडून. मजीदभाईंनी रुमालातला तुकडा त्याच्या टेबलावर ठेवला. पोलिसांनी त्यांना दोनदा बोलावलं. शेवटी अहवालातलं गणेशच्या चुकीचं वाक्य निघालं, रेडिओ बंद असल्याचं आलं, आणि महिन्याभरात मजीदभाईंचं काँट्रॅक्ट संपवलं गेलं. निरोपाला मी आणि दोन ड्रायव्हर होतो. मुंबईचं तिकीट त्यांनी बदलून घेतलं होतं. ते काठमांडूला चालले होते.

तीन आठवड्यांनी श्रीवर्धनहून त्यांचा फोन आला. काठमांडूहून दीड दिवस बसने गेले, मग चालत. गणेशच्या बायकोला आणि म्हाताऱ्या बापाला समोर बसवून त्यांनी सगळं सांगितलं. हिंदीत. बायकोला कळत होतं, ती सासऱ्याला सांगत होती.

"काय म्हणाले ते?"

"बायको आत निघून गेली. मी निघायला उठलो तर म्हाताऱ्यानं माझी पिशवी उचलून घरात ठेवली. तीन दिवस राहिलो. त्याच्याबरोबर मका सोलत बसायचो."

मग मी म्हणालो, "मजीदभाई, मलाही तिथे जायला हवं."

"जायलाच हवं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पण एकटा जाऊ नको. चढण फार हाय, आणि त्या दारात पहिल्यांदा उभं राहताना पाय उचलत नाय. सुट्टी मिळाली की मना कळव. मी येतो तुझ्याबरोबर."